चुकलं की आई उभी

आमच्या घरात छडी नव्हती. पनवेलात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण अण्णांनीच ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. गावातल्या शाळेत ते गणित आणि भूगोल शिकवत, आणि तिथे त्यांच्या छडीचा असा दरारा होता की चांगली दांडगट पोरंसुद्धा त्यांच्या तासाला श्वास रोखून बसत. पण स्वतःच्या मुलांना त्यांनी कधी बोट लावलं नाही. लोक त्याबद्दल त्यांचं कौतुक करत. त्या कौतुकाचा खरा अर्थ आईच्या तळपायांना तेवढा कळत होता.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघंही शाळेत जात नव्हतो. मास्तरांचीच मुलं घरी, याचं गावाला नवल वाटायचं. मिठाईवाला आपल्या दुकानची मिठाई खात नाही, कारण भटारखाना त्यानं पाहिलेला असतो. अण्णांचं शाळेबद्दल तसंच होतं. शाळेत गाढवं तयार होतात असं ते म्हणत. ती तयार करायचा पगार आपण घेतो, हे त्यांच्या गावीही नसे. आपली मुलं घरी शिकतील, एका माणसाच्या हाताखाली, एका पद्धतीनं शिकतील, असं त्यांनी ठरवलं होतं. फक्त तो एक माणूस ते स्वतः नव्हते. ते दिवसभर शाळेत असत. तो माणूस म्हणजे आई.

आई मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. तिचं माहेर उरणजवळ, मोऱ्याला. तिचे वडील तिथल्या मिठागराच्या कचेरीत कारकून होते आणि मुलीला वाचता येतं यावर ते खूश होते. लग्न होऊन पनवेलला आल्यावर आपण कुणाला काही शिकवू, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. अण्णा सकाळी शाळेत जायच्या आधी पुस्तकात पेन्सिलीनं खूण करून जात. एवढं आज शिकव. मग आई चुलीवर भात ठेवून, एका हातात फुंकणी आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन, आधी ते स्वतः शिकायची. कणीक मळताना तिचे ओठ हलत असायचे. शेजारणींना वाटायचं ही देवाचं म्हणते आहे. ती सतराचा पाढा म्हणत असायची.

संध्याकाळी अण्णा घरी येत, पाय धूत, चहा घेत आणि माजघरात खुर्ची ओढून बसत. आम्ही दोघं समोर पाटावर. मग परीक्षा सुरू. अण्णांचं एक तत्त्व होतं, ते त्यांना ट्रेनिंगच्या वेळी कुठल्याशा व्याख्यानात सापडलं होतं म्हणे. मूल कधी चुकत नाही, चुकतो तो शिकवणारा. ऐकायला किती छान वाटतं. आजही एखाद्या सभेत कुणी असं बोललं तर लोक माना डोलावतील. अण्णांनी मात्र ते नुसतं बोलून सोडलं नाही, घरात राबवलं. आमच्यापैकी कुणी चुकलं की ते आमच्याकडे बघतसुद्धा नसत. मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत आणि शांतपणे म्हणत, "चुकलं."

मग आई हात पदराला पुसत बाहेर यायची आणि माजघरातल्या खांबापाशी उभी राहायची. आमचं उत्तर बरोबर येईपर्यंत तिनं बसायचं नाही, टेकायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही आणि आम्हाला उत्तर सांगायचं नाही. चुलीवर आमटी उतू गेली तरी नाही. एवढाच नियम होता. आवाज नाही, शिवी नाही, मारणं तर नाहीच. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, केवढं सुसंस्कृत घर आहे.

लोक मात्र बाहेरून बघून नाना प्रश्न विचारत. आमच्या घरी चहाला आलेला माणूस कप खाली ठेवायच्या आत एक तरी प्रश्न विचारणारच. मुलांना दाखला कुठून मिळणार? अण्णा म्हणत, दाखला गुरांच्या बाजारात लागतो. चार मुलांत मिसळली नाहीत तर एकलकोंडी होतील हो. अण्णा म्हणत, चार मुलांत मिसळून मी कोण झालो ते बघताय ना. मग पुढची परीक्षा? बाहेरून बसतील. वहिनींना एवढं सगळं शिकवता येतं? या प्रश्नावर अण्णा खुर्चीत जरा मागे रेलत आणि म्हणत, "तिला मी तयार केलंय." आत आई शेगडीवर दुसरा चहा ठेवत असायची. वहिनींना काय वाटतं, हा प्रश्न मात्र मी कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही.

बेलपाड्याहून एक भाजीवाली यायची, डोक्यावर पाटी घेऊन. वाल, काकडी, कधी लाल माठ. तिला एवढी रीतभात नव्हती. एकदा ती नेमकी संध्याकाळी आली, तेव्हा माजघरात आई खांबापाशी उभी होती आणि माझा भाऊ मान खाली घालून पाटाचं लाकूड नखानं उकरत होता. ओसरीवर पाटी उतरवून तिनं आत डोकावलं.

"बाई, तुमी अशा का उब्या? पाय सुजलेत तुमचे."

अण्णा म्हणाले, "आज भाजी नको."

"भाजी नको तं नको," ती म्हणाली. "पन तिला बसवा तरी. पोरां शालंत जात नाय काय? मास्तराचीच पोरां ना ही?"

अण्णांनी उठून दार लोटून घेतलं. त्यानंतर ती भाजीवाली फक्त दुपारी यायची आणि आईशी बोलताना आवाज अगदी बारीक करायची, घरात कुणी दुखणाईत असल्यासारखा.

आता भावाबद्दल सांगायला हवं. तो दिसायला गोड होता, केस कुरळे, गालाला खळी. त्याला पाहून बायका त्याचा गालगुच्चा घ्यायच्या. एका दुपारी त्यानं आईकडे साखर मागितली, चमच्यानं नुसती खायला. आई नको म्हणाली. त्यानं दुसऱ्यांदा मागितली, तिनं डबा वर ठेवून दिला. संध्याकाळी अण्णांनी त्याला विचारलं, "सतरा आठे?" छत्तिसासे, म्हणजे एकशे छत्तीस, हे त्याला सकाळपासून येत होतं. आईनं ते त्याच्याकडून घोकून घेतलं होतं, मी समोर होते. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं. "एकशे बत्तीस," तो म्हणाला.

आई येऊन उभी राहिली. भाऊ वरती आढ्याकडे बघत बसला, आठवत असल्याचं सोंग करून. बराच वेळ गेला. मी त्याला चिमटा काढला तर तो माझ्या कानाशी म्हणाला, "अजून काढशील तर अजून उशिरा सांगीन." त्याचं वय तेव्हा सात असेल नसेल. आईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. काही मागणारी नजर नव्हती ती. तिला कळलं होतं, एवढंच त्या नजरेत होतं. आपल्या मनाला येईल तेव्हा त्यानं गोड आवाजात "एकशे छत्तीस" म्हणून टाकलं, आणि अण्णा आईला म्हणाले, "बघ, नीट शिकवलं असतंस तर ही वेळ आली असती का?"

दुसऱ्या दिवशी त्याला साखर मिळाली. तिसऱ्या दिवशी लाडू. पुढे त्याला मागावंही लागत नसे. अंघोळ करायची नाही, पेज खायची नाही, दुपारी तळ्याकाठी खेळायला जायचं. आई कशालाही नाही म्हणेनाशी झाली. कधी तिनं चुकून आवाज चढवला तर तो फक्त एवढंच विचारायचा, "आज संध्याकाळी काय आहे गं, भूगोल का गणित?" मोठमोठ्यांना बायकामुलांवर राज्य करायला जन्म जातो. माझ्या भावाला ते दुधाचे दात पडायच्या वयात जमलं. अण्णांना हे सगळं कळत नव्हतं असं मला वाटत नाही. ते गणिताचे मास्तर होते. रोज रात्री पाढे बरोबर म्हणणारा मुलगा संध्याकाळी तेवढा का चुकतो, हे त्यांना सोडवता आलं नसेल हे शक्य नाही. पण ज्या माणसाला आपली पद्धत आवडते, त्याला तिचा असा उपयोगही आवडत असावा.

वर्षातून एखाद्या वेळी अण्णा आम्हाला बाहेर घेऊन जात, प्रत्यक्ष भूगोल शिकायला. एकदा आम्ही बैलगाडीतून पळस्प्याला गेलो. आई बरोबर होती, पोह्यांचा चिवडा तिनं डब्यात घेतला होता. तिथे जिथून रस्ते फुटतात तिथे अण्णांनी आम्हाला उभं केलं. हा रस्ता मुंबईकडून येतो, हा पुण्याला जातो, हा गोव्याकडे. मी आनंदानं वेडी झाले होते, मला मोकळं आकाश एवढं मोठं कधी दिसलंच नव्हतं. मग अण्णांनी भावाला विचारलं, "पुण्याला जायचंय. कुठल्या रस्त्यानं जाशील?"

भावाला येताना गाडीत पुढे बसायचं होतं आणि आईनं त्याला बसू दिलं नव्हतं. त्यानं गोव्याच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

तिथे खांब नव्हता. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मैलाच्या दगडाकडे मान हलवली. आई जाऊन त्या दगडाशेजारी उभी राहिली, उन्हात, डोक्यावरून पदर घेऊन. ट्रक जात होते. एका ट्रकमधल्या माणसानं तिच्याकडे बघून काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही, पण तो हसला ते दिसलं. आम्ही झाडाखाली बसून चिवडा खाल्ला. अण्णांनी तिचा वाटा बाजूला काढून ठेवला होता. ते अन्यायी नव्हते.

मी कधी चुकत नसे. माझी कसली हुशारी, ती नुसती भीती होती. रात्री झोपेत मी उत्तरं बडबडायचे असं आई सांगायची. आईचा माझ्यावर जीव होता की माझ्या बरोबर उत्तरांवर, हे मला त्या वयात वेगळं करता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही येत नाही. आमच्या गल्लीतून सकाळी मुलींच्या शाळेतल्या मुली जायच्या, पाटीदप्तर सांभाळत, एकमेकींच्या वेण्या ओढत. त्यांतली एक शेजारचीच होती. एकदा ती रडत परत आली, तळहात लाल झालेला. बाईंनी पट्टी मारली म्हणाली. उत्तर चुकलं म्हणून. मी खिडकीतून तिचा हात बघत राहिले आणि मला तिचा फार हेवा वाटला. चुकली ती, आणि मारही तिलाच बसला. किती सोपं, किती मोकळं. मला शाळा हवी होती ती शिकण्यासाठी नाही. मला अशा एका जागी बसायचं होतं जिथे मी चुकले तर हात माझा पुढे होईल.

हे मी आईला बोलले होते. ती वाल सोलत होती. तिनं मान वर केली नाही, पण ऐकलं.

मग एका वर्षी शाळा तपासायला दिपोटी आले. शाळाखात्याच्या तपासणीसाला तेव्हा सगळे दिपोटीच म्हणत. अण्णांनी त्यांना आपल्या पद्धतीबद्दल बरंच काही सांगितलं असावं, कारण ते आमच्या घरी चहाला येणार असं ठरलं. अण्णांचा आनंद गगनात मावेना. दिपोटींवर छाप पडली तर तालुक्याच्या मास्तरांसमोर व्याख्यान द्यायला मिळेल, पुढे जिल्ह्याला अलिबागेस, आणखी पुढे कुठे कुठे. आदल्या दिवशी त्यांनी आईला चार चार वेळा बजावलं की आत राहायचं, शिरा नीट करायचा आणि उद्या खांब वगैरे काही नाही.

त्या दुपारी भाऊ बाहेर खेळायला गेल्यावर आईनं मला विहिरीपाशी नेलं.

"उद्या साहेब विचारतील त्याचं उत्तर चुकीचं दे," ती म्हणाली. "सगळ्याचंच."

मला वाटलं ती माझी परीक्षा घेते आहे.

"म्हणजे तू उभी राहशील."

"राहीन. त्यांच्यासमोर राहीन किंवा साहेब गेल्यावर राहीन, किती का वेळ असेना. पण परक्या माणसापुढे शोभा झाली की हे म्हणतील, या बाईला शिकवता येत नाही. मग तुम्हाला शाळेत घालतील. दोघांनाही."

"त्याला पण सांगायचं का?"

"नको," आई पटकन म्हणाली. "तो ते विकून खाईल."

आईनं विचार केला होता तो असा होता. आमच्या घरात चूक मुलाची कधी नसायची, नेहमी तिची असायची. तेव्हा मोठ्यात मोठी चूक झाली तर तीही तिच्याच नावावर पडेल, आणि ती इतकी मोठी असेल की तिला या कामावरून काढूनच टाकावं लागेल. इतकी वर्षं रोज संध्याकाळी तिनं हेच शिकून घेतलं होतं. तिची काही चूक नव्हती. घरात तिला शिकवलंच तेवढं होतं.

दिपोटी आले. जाडे, घामेजलेले, कोटाची बटणं ताणलेली. ओसरीवर बसून त्यांनी शिरा दोनदा घेतला. मग रुमालानं मिशी पुसत ते माझ्याकडे वळले.

"काय गं, तुमचं पनवेल कुठल्या नदीच्या काठी आहे?"

गाढी नदी मी रोज बघत होते. तिच्या पाण्याचा वास मला ठाऊक होता. "गंगा," मी म्हटलं.

दिपोटी हसले. त्यांना वाटलं मुलगी घाबरली. "बरं. आपला जिल्हा कुलाबा. त्याचं मुख्य ठिकाण?"

"पुणं."

"सतरा आठे?"

एकशे छत्तीस माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. ते गिळायला मला जे कष्ट पडले ते पुढे बाळंतपणातही पडले नाहीत. "शंभर," मी म्हटलं.

"एकशे छत्तीस," माझ्या शेजारून भावाचा आवाज आला. "आणि गाढी. आणि अलिबाग." दिपोटींनी त्याला आल्याबरोबर खिशातून पेपरमिंट काढून दिलं होतं, आणि दुसरं देतील अशी त्याची अटकळ होती. त्यांनी दिलंही. मग त्याला आणखी विचारलं. नद्या, घाट, तीसपर्यंतचे पाढे, अपूर्णांक. त्या दिवशी माझा भाऊ एकदाही चुकला नाही. आईनं ओतलेलं सगळं त्यानं पोपटासारखं म्हणून दाखवलं. त्याला ते आधीपासून येत होतं.

मी अण्णांच्या मानेकडे बघत होते. आता ती वळेल, दाराकडे जाईल, आणि ते म्हणतील, चुकलं. मान वळली नाही. अण्णा हसले. घरात ते असं हसत नसत.

"मुलगी जरा मंद आहे साहेब," ते म्हणाले. "उपजतच. तिचं मी मनाला लावून घेत नाही. मुलाकडे बघा. शिकवणारी तीच, पद्धत तीच. बियाणंच वेगळं, त्याला कोण काय करणार?"

दिपोटींनी सहानुभूतीनं मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे, असू दे, मुलीची जात आहे." आणि मग अण्णांना म्हणाले की असला मुलगा घरी ठेवणं हा गुन्हा आहे, त्याला शाळेत घाला, तो स्कॉलरशिपच्या परीक्षेत पहिला येईल. मी मागे वळून पाहिलं. दाराच्या फटीतून आत माजघरातला खांब दिसत होता. आई तिथे जाऊन उभी राहिली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दिपोटी गेल्यावर आईनं अण्णांपुढे पहिल्यांदाच तोंड उघडलं. खांबापाशी उभ्याउभ्याच म्हणाली, "तिला सगळं येतं. मीच तिला चुकीचं सांगायला लावलं."

अण्णांनी टोपी खुंटीला अडकवली. त्यांना राग आला नव्हता. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे मंद नाही, लबाड आहे," ते म्हणाले. "मंद मुलीला एक वेळ शाळेत घालता येतं. लबाड मुलगी मात्र घरातच बरी. तू बस आता. उभं राहायचं काही कारण नाही."

आणि खरंच नव्हतं. जूनपासून भाऊ अण्णांच्या शाळेत जाऊ लागला, आणि माझं शिकणं थांबलं. पुस्तकात पेन्सिलीची खूण होईना. संध्याकाळी खुर्ची माजघरात यायची, पण अण्णा तिच्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे. मी स्वयंपाकघरात. आईनं सुरुवातीला दुपारी एकदोनदा पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं, पण तिचं लक्ष लागेना, आणि माझंही. परीक्षाच नसेल तर कशाला शिकायचं, हे आम्हाला दोघींना कळत नव्हतं. आमचं शिकणं इतकं नासून गेलं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. शाळेत अण्णांचं तत्त्व वेगळं होतं, हे भाऊ विसरला होता. तिथे चूक मुलाचीच असायची. लाडू मिळाला नाही की चुकायचं, या सवयीनं तो पहिल्याच आठवड्यात अण्णांच्या तासाला मुद्दाम चुकला, आणि सगळ्या वर्गासमोर त्याच्या तळहातावर छडी पडली. तो घरी आला तेव्हा हात सुजून पुरीसारखा झाला होता. आईनं खोबरेल लावलं. मी त्या हाताकडे खूप वेळ बघत बसले. मला फार बरं वाटलं. आणि त्याच वेळी जे मला हवं होतं ते त्याला मिळालं, याचा पुन्हा हेवाही वाटला.

यथावकाश माझं लग्न झालं, गावातच. बघायला आलेल्यांना अण्णा सांगत, शिक्षण घरीच झालंय. मुलाच्या बाबतीत ज्या उत्तरानं लोकांच्या भुवया वर जायच्या, तेच मुलीच्या बाबतीत ऐकून त्यांना समाधान वाटायचं. दाखल्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मला मुलगी झाली. तिला मी शाळेत घातली, आणि त्या दिवशी घरी येऊन दार लावून रडले. ती माझ्यासारखी नव्हती, सुदैवानं. तिला काही येत नसलं तर ती सरळ "नाही येत" म्हणायची आणि हसायची. बाईंच्या पट्ट्या खायची, हात झटकायची, विसरायची. तिचं ते विसरणं मी रोज संध्याकाळी डोळे भरून बघायचे.

एका मे महिन्यात तिला घेऊन मी माहेरी गेले होते. अण्णा निवृत्त झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, त्याच खुर्चीत बसलेले. भाऊ मुंबईला चांगल्या नोकरीत होता आणि येत नसे. आई दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिचे पाय आता कायमचेच सुजलेले असायचे. मुलगी अण्णांच्या समोरून उड्या मारत चालली होती, तिला त्यांनी हाताला धरून थांबवलं.

"कितवीत तू? चौथीत? सांग बघू. सतरा आठे?"

मुलगी हसली. "नाही येत," म्हणाली आणि हात सोडवून अंगणात पळाली.

मागे शेंगांचं सूप सरकवल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. आई भिंतीला धरून उठत होती. उठली, पदराला हात पुसले, आणि चालत जाऊन खांबापाशी उभी राहिली. अण्णांना नीट दिसत नव्हतं, पण त्यांना तिची पावलं ओळखू आली असणार. ते तिला बस म्हणाले नाहीत.

"आई, बस," मी म्हटलं. "अगं, बस ना."

ती माझ्याकडे बघेना. ती अंगणाकडे बघत होती.

"एकशे छत्तीस," मी मोठ्यानं म्हटलं.

"तुला विचारलं नव्हतं," अण्णा म्हणाले.

आईनं खांबाला हात लावला नव्हता, टेकायचं नाही हा नियम होता. मी अंगणात गेले. मुलगी पेरूच्या झाडाखाली एका पायावर लंगडी घालत होती. मी तिची वेणी धरली आणि तिला तशीच ओढत आत आणली. आधी तिला वाटलं मी खेळते आहे. मग ती घाबरली. मी तिला पाटावर बसवलं, तिचा दंड धरला आणि म्हटलं, "सतरा एके सतरा. म्हण." ती रडायला लागली. मी दंड आणखी घट्ट धरला. हुंदक्यांतून ती माझ्यामागे म्हणत गेली, अडखळली की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटी मी गप्प बसले आणि तिनं एकटीनं म्हटलं, "सतरा आठे छत्तिसासे."

आई भिंतीचा आधार घेत खाली बसली आणि तिनं सूप पुढे ओढलं.

अण्णांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"तुला शिकवता येतं," ते म्हणाले.